पिकअपच्या हौद्यावर झोपण्याजोगा टॉपर कसा बनवायचा

टॉपर, म्हणजे पिकअपच्या हौद्यावर बसवायचं बंद छप्पर, बनवायचं ठरलं की बहुतेक जण सगळ्यात आधी ड्रॉवर कुठे, लाइट कुठे, पडदे कुठले यातच रमतात, आणि मग पहिल्याच पावसात किंवा पहिल्याच थंडीच्या रात्री कळतं की आत पाणी झिरपतंय नाहीतर छत आतून घामाघूम झालंय. मला विचाराल तर आधी माणूस आत बसणार-झोपणार कसा ते बघा, मग वजन, मग पाणी बाहेर कसं राहील आणि हवा आत कशी फिरेल ते, आणि हे सगळं बसलं की मग हौस करा हवी तेवढी.

मापं घेताना टेप आधी हौद्याला लावू नका, स्वतःला लावा. गादी जमिनीवर टाका, पाठ ताठ करून बसा आणि गादीपासून डोक्यापर्यंतचं अंतर कुणालातरी मापायला सांगा, मोठ्या माणसाचं ते साधारण 85 ते 95 सेंटीमीटर भरतं, त्यावर चार बोटं मोकळी जागा धरा. आता हौद्याची खोली असते साधारण 50 सेंटीमीटर आणि केबिनच्या उंचीचा टॉपर वर जवळजवळ तेवढीच भर घालतो, म्हणजे हौद्याच्या तळापासून छतापर्यंत मीटरभर मिळतो. यात खाली 30 सेंटीमीटरचे ड्रॉवर आणि वर 10 सेंटीमीटरची गादी घातली की उरले 60, म्हणजे आत फक्त आडवं व्हायचं, कपडे बदलायचे तेही पडून, आणि पाऊस दिवसभर लागला तर काय हाल होतील विचार करा. म्हणून ड्रॉवर हवेत की बसणं हवं हे आधी ठरवा, दोन्ही हवं असेल तर केबिनपेक्षा उंच टॉपर लागेल आणि त्याचं वाऱ्याचं गणित वेगळं आहे, ते पुढे येईल. मला स्वतःला बसता येणं जास्त महत्त्वाचं वाटतं, सामान काय, चाकांच्या कमानींच्या मागेपुढे जे कोपरे उरतात त्यातही बरंच मावतं.

लांबीचं म्हणाल तर 6 फुटी हौदा म्हणजे 183 सेंटीमीटर, साडेपाच फुटी म्हणजे 168. उंच माणूस छोट्या हौद्यात कर्णावर तिरका झोपू शकतो पण मग शेजारी दुसऱ्याला जागा नाही. दोघं असाल तर गादी कमानींच्या वर येईल इतकाच उंच झोपायचा पाट करा, त्यापेक्षा एक इंचही उंच नको.

आता वजन. गाडी किती ओझं वाहू शकते ते बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, आणि त्या आकड्यात टॉपर, सामान, पाणी, सगळं आलं, माणसं धरलीत की नाही तेही तिथेच वाचा. 8 बाय 4 फुटांची 6 मिलीची (मिलीमीटर) प्लायची शीट साधारण 11 किलोची, 12 मिलीची 20 च्या वर, 18 मिलीची 30 च्या वर जाते, आणि अशा चार-पाच शीट लागतात. सगळं 18 मिलीत केलं तर नुसतं कवचच दीडशे किलोला टेकतं आणि ते सगळं वजन वर, म्हणजे वळणावर गाडी जास्त झुकणार. त्याउलट 50 मिलीची एक्सपीएस फोमची शीट (ती निळी किंवा गुलाबी कडक फोम, थर्मोकोलच्या जातीची पण दाट) पाच किलोच्या आसपास भरते आणि थंडी-ऊनही अडवते.

तयार जुना टॉपर मिळत असेल आणि तुमच्या गाडीच्या मॉडेलचा असेल तर तो सुधारणं सगळ्यात सोपं. पण हौद्याची रुंदी पुढे, मधे आणि मागे अशी तीन ठिकाणी मापा कारण पुष्कळ हौदे मागे-पुढे सारखे नसतात, नुसतं फूट सारखे आहेत म्हणून टॉपर बसत नाही. फायबरचा असेल तर खिडक्यांच्या कोपऱ्यांशी आणि जिथे क्लॅम्प लागतात तिथे हात फिरवून बघा, केसासारख्या रेघा वरच्या थरात असतील तर चालतं, पण दाबल्यावर तिथला भाग हलत असेल तर तो सोडून द्या. छतावर कॅरिअर किंवा टेंट टाकायचा विचार असेल तर छत किती भार घेतं ते बनवणाऱ्याकडून कळल्याशिवाय अजिबात टाकू नका, उभ्या गाडीतला भार आणि चालत्या गाडीतला भार हे दोन वेगळे आकडे असतात, आणि साध्या फायबरच्या छताला आतून अ‍ॅल्युमिनियमची चौकट देऊन तो भार हौद्याच्या काठावर उतरवावा लागतो.

स्वतः बनवणार असाल तर मी फोम आणि कापडाच्या पद्धतीच्या बाजूचा आहे. एक्सपीएसच्या शीट कापायच्या, पॉलीयुरेथेन गोंदाने एकमेकांना चिकटवायच्या, कडांना आणि जिथे बिजागरी, कडी, क्लॅम्प येणार तिथे फोम कोरून लाकडाची पट्टी बसवायची कारण फोममध्ये स्क्रू धरत नाही. मग बाहेरून पाण्याला टिकणारा लाकडाचा गोंद भरपूर लावून त्यावर सुती कॅनव्हास ताणून बसवायचं, कापड गोंदात पूर्ण भिजलं पाहिजे, कुठे कोरडा पांढरा डाग राहिला तर तिथे पुढे फुगा येणार. वाळलं की बाहेरच्या भिंतींना मारतात तो पाण्याचा अ‍ॅक्रिलिक रंग तीन-चार हात, पहिला हात थोडा पातळ म्हणजे तो कापडात मुरतो. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, एक्सपीएसवर थिनरचा रंग, स्प्रे पेंट किंवा साधा पॉलिएस्टर रेझिन लावला की फोम डोळ्यासमोर विरघळतो, फायबर करायचंच असेल तर इपॉक्सी रेझिन वापरा. आणि फोम जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो, त्यामुळे आतून 3-4 मिलीची प्लाय लावून तो झाकाच, उघडा ठेवून त्यात झोपू नका.

प्लायनेच करायचं असेल तर 6 मिलीची मरीन प्लाय आणि आत हलक्या लाकडाची चौकट पुरते. चौकट गुण्यात (काटकोनात) आहे का ते दोन्ही कर्ण मापून बघा, दोन कर्णांत 3 मिलीपेक्षा जास्त फरक असेल तर सगळं खोलून परत लावायची तयारी ठेवा कारण मागचं दार पुढे कधीच नीट लागणार नाही. प्लाय कापलेल्या कडेने पाणी सगळ्यात लवकर पितं, त्यामुळे जोडण्याआधी प्रत्येक कडेला इपॉक्सीचा किंवा अस्तराचा (प्रायमरचा) हात मारून घ्या.

केबिन आणि टॉपर यांच्यात दोन-तीन सेंटीमीटर फट ठेवायची म्हणजे ठेवायचीच. चेसिसवर बनलेल्या पिकअपमध्ये केबिन आणि हौदा हे वेगवेगळे हलतात, खड्ड्यात गाडी पिळली जाते तेव्हा ती फट कमीजास्त होताना दिसते, आणि तुम्ही जर टॉपर केबिनला टेकवून बसवला तर एक तर काच जाईल नाहीतर टॉपरचा कोपरा.

वाऱ्याचं गणित असं, ताशी 100 च्या स्पीडला समोरून येणारी हवा सपाट फळीवर चौरस मीटरला साधारण 48 किलोच्या हिशोबाने दाब टाकते, आणि स्पीड दुप्पट झाला तर दाब चौपट. केबिनच्या आड असलेला टॉपर यातून बऱ्यापैकी सुटतो, पण वर डोकावणारा प्रत्येक इंच हा मार खातो, म्हणून उंच टॉपरचं कपाळ तिरकं करा, आणि क्लॅम्प सहा लावा. क्लॅम्प हौद्याच्या काठाला आतून पकडणारे घ्या, पत्र्याला भोकं पाडू नका, भोक म्हणजे पुढे गंज. प्लॅस्टिकचं लायनर (हौद्याला आतून घातलेलं आवरण) काठावरून आलेलं असेल तर क्लॅम्पच्या जागी ते कापावं लागतं कारण प्लॅस्टिकवर क्लॅम्प घसरतो.

पाण्याच्या बाबतीत तीन ठिकाणं बघा: छताच्या कडा, काठावरचा सांधा आणि फाळका (हौद्याची मागची, खाली उघडणारी फळी). छत अगदी सपाट नको, दोन-तीन अंशाचा उतार मागे किंवा बाजूला द्या. छताची कड भिंतीच्या बाहेर एखाद सेंटीमीटर काढा आणि तिच्या खालच्या बाजूला, कडेपासून थोडं आत, 3-4 मिली खोल खाच ओढा, म्हणजे पाणी खालून सरपटत भिंतीपर्यंत येत नाही, खाचेपाशी थेंब सुटतो, घराच्या वळचणीला पागोळ्या पडतात तसा. ही खाच काढायला पाच मिनिटं लागतात आणि मला तर ती कुठल्याही महागड्या सीलंटपेक्षा मोलाची वाटते. हौद्याच्या काठावर बंद छिद्रांचा फोम टेप लावा, स्पंजसारखा उघड्या छिद्रांचा घेतला तर तोच पाणी धरून बसेल. टेपचा जोड कोपऱ्यात आणू नका, सरळ भागात आणा आणि दोन्ही टोकं तिरकी कापून एकमेकांवर दाबा. खिडकी किंवा छतावरचा पंखा बसवताना खाली ब्युटाइल टेप (चिकट, मऊ रबरी पट्टी) लावा, सिलिकॉन नको, सिलिकॉन एकदा लागला की त्यावर पुढे रंग धरत नाही की दुसरा सीलंट चिकटत नाही.

फाळक्याचं मात्र बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. हौद्याचा फाळका मुळात पाणी अडवायला बनवलेलाच नाही, खालच्या बिजागऱ्यांपाशी बोटभर फट असते आणि कच्च्या रस्त्यावर धूळ तिथूनच आत ओढली जाते कारण गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो. तिन्ही बाजूंना रबरी सील लावा, खालच्या फटीत पोकळ रबर चिकटवा, आणि पुढच्या बाजूला जाळी आणि फिल्टर असलेलं छोटं झाकण ठेवा, चालताना ते उघडं ठेवलं की आत थोडा दाब राहतो आणि धूळ कमी शिरते. याच कारणाने मागचं दार उघडं ठेवून गाडी कधी चालवू नका, एक्झॉस्टचा धूर आत येतो, आणि चालत्या गाडीत मागे माणूस बसवायचा नाहीच.

आता हवा. आत जेमतेम तीन घनमीटर जागा असते, त्यात दोन माणसं रात्रभर श्वास घेतात आणि ती वाफ थंड छतावर जाऊन पाणी होते. नुसता फोम लावून हे थांबत नाही, एक तोंड खाली आणि एक वर असं हवं म्हणजे हवा स्वतःच फिरते, उदाहरणार्थ बाजूची खिडकी बोटभर उघडी आणि छताला झाकणाचा व्हेंट, दोन्हीला बारीक जाळी. थंडीत सगळं बंद करून झोपायचा मोह होतो, करू नका, अंगावर एक पांघरूण जास्त घ्या. गादीखालीही हवा लागते, म्हणून अखंड प्लायऐवजी पट्ट्यांचा पाट करा, नाहीतर आठवड्याभरात गादीला खालून बुरशी.

आणि हे अगदी कळकळीने सांगतो, आत स्टोव्ह, शेगडी, कोळसा काही पेटवू नका, ऊब घ्यायलासुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, झोपलेल्या माणसाला कळतच नाही. बॅटरीवरचा डिटेक्टर डोक्याच्या बाजूला लावा आणि छोटं अग्निशामक हाताला लागेल असं ठेवा. आतून दार उघडता येतं का ते बघा, बऱ्याच तयार टॉपरचं हँडल फक्त बाहेरून फिरतं आणि फाळका तर आतून उघडत नाहीच. हँडलच्या मागे आत जो दांडा येतो त्याला छोटी मूठ बसवा, फाळक्याच्या लॅचला दोरी बांधून आत आणा, आणि अंधारात डोळे मिटून दोन्ही उघडून बघा.

विजेचं काम थोडक्यात, 12 व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली तर 100 अँपिअर-तासाची एलईडी दिवे, एक पंखा आणि फोन यांना दोन-तीन रात्री सहज पुरते, मात्र शून्य अंशाच्या खाली ती चार्ज करू नका. फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकाच्या अगदी जवळ, वितभराच्या आत, कारण फ्यूजच्या आधीची वायर घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवणारं काहीच नसतं. टॉपरमुळे केबिनमागचा तिसरा ब्रेक लाइट झाकला जात असेल तर मागे नवा लावा.

सगळं झालं की लगेच बाहेर पडू नका. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने नळीने खालून वर जात पाणी मारायचं, प्रत्येक बाजूला पाच मिनिटं, वरून सुरुवात केली तर गळती नक्की कुठली ते कळत नाही. ओलं दिसलं तिथे आतून पेन्सिलने खूण करा पण सील बाहेरूनच करा. मग एक रात्र घराजवळच आत झोपा, सकाळी छतावरून हात फिरवा, ओला लागला तर व्हेंट अजून उघडा. पहिल्या 100 किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प परत आवळा कारण तोवर फोम टेप दबून बसलेला असतो, आणि कच्च्या रस्त्यावरून आलात की दर वेळी.