खान्देशात नव्यानं आलात? आधी गाणाऱ्यांत जाऊन बसा

भुसावळ-जळगावला बदली झाली की माणूस आधी तीन गोष्टी विचारतो. पाणी किती दिवसांआड येतं, क्वार्टर कुठं मिळेल, आणि उन्हाळा ऐकतो तसाच असतो का. पाण्याचं शेजारी सांगतील, क्वार्टरचं ऑफिसात कळेल. उन्हाळा ऐकता त्याहून कडक असतो. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा पहिल्या वर्षीच कूलर घेऊन टाका. आता माझ्या विषयाकडे येते.

रेल्वेत, आयुध निर्माणीत, दीपनगरच्या वीज केंद्रात, नाहीतर दवाखान्यात नर्स म्हणून आपली ख्रिस्ती कुटुंबं नगर, पुणे, वसईकडून इकडे येत राहतात. मी नगरहून अशीच नर्स म्हणून आले आणि इथलीच झाले. नव्या कुटुंबांना मी एकच सांगत असते: चर्चमध्ये पाहुण्यासारखं शेवटच्या बाकावर बसू नका. पहिल्याच रविवारी गाणाऱ्यांच्या जवळ जाऊन बसा. देव इथं तुम्हाला भेटेल तो बहुतेक वेळा गाण्यातून, आणि बहुतेक वेळा अगदी बारीकसारीक गोष्टींत.

आधी मंडळीची घडण समजून घ्या, म्हणजे बावरायला होणार नाही. खान्देशातल्या मंडळ्या नगरच्या मिशनमधून आलेल्या नाहीत. पूर्वेकडे, म्हणजे भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या पट्ट्यात अलायन्स मिशनचं काम होतं, त्यांचं मुख्य ठाणं अकोल्याला. पश्चिमेकडे, धुळे-नंदुरबारच्या बाजूला, स्कँडिनेव्हियन वळणाच्या मिशननी काम केलं. त्यामुळे सीएनआयच्या, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, ठरावीक उपासनाक्रमाची सवय असलेल्यांना इथली उपासना मोकळी वाटते. साक्षी जास्त, उत्स्फूर्त प्रार्थना जास्त. कॅथलिक कुटुंबांना मिस्सासाठी चर्च आहे, पण शेजारच्या घरी प्रार्थनासभा असली तर कुणी पंथ विचारत नाही, या म्हणतात.

गीतांचं पुस्तक मात्र ओळखीचं मिळेल. 'उपासना संगीत' इथंही घरोघरी आहे, आणि त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पुष्कळ पदं आहेत. टिळकांचा आणि खान्देशाचा एक धागा नव्या माणसाला मी आवर्जून सांगते. बालकवी ठोमरे मूळचे धरणगावचे. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली. पुढं नगरला टिळकांच्या घरी ते राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखं सांभाळलं. खान्देशातलं पोर नगरच्या ख्रिस्ती घरात वाढलं ते असं. 5 मे 1918 ला भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले, आणि वर्षभरानं, 9 मे 1919 ला, टिळकही गेले. जळगाव-भुसावळ पॅसेंजरनं जाताना भादली लागतं. गाडी तिथं थांबली की माझ्या ओठांवर टिळकांचं एखादं पद येतंच. आपण नगरहून इथं आलो तर परक्या मुलखात आलो असं मला तेव्हापासून कधी वाटलं नाही.

पुस्तक तेच असलं तरी चाली वेगळ्या निघतात, याची तयारी ठेवा. दुसऱ्या ओळीला तुम्ही वर जाल आणि सगळी मंडळी खाली उतरेल. अशा वेळी गप्प होऊ नका आणि 'आमच्याकडं असं म्हणतात' हेही लगेच काढू नका. दोन कडवी ऐका, तिसऱ्याला सामील व्हा. उपासनेनंतर पेटीवाल्याकडं जाऊन चाल विचारा. पेटीवाला म्हणजे मंडळीतला अर्धा पाळक समजा. कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, कुणाचा मुलगा पुण्याहून आलाय, कोणती खोली भाड्यानं आहे, सगळं त्याला माहीत असतं. माझं पहिलं भाड्याचं घर मला अशाच एका चालीच्या चौकशीतून मिळालं. चाल शिकवता शिकवता त्यांनी विचारलं, राहता कुठं? संध्याकाळी किल्ली हातात. त्या दिवशी सकाळी मी घरासाठीच प्रार्थना करून निघाले होते. याला योगायोग म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, मी मात्र देवाचे आभार मानले.

पेटी, तबला, झांजा जिथं अजून आहेत त्या मंडळीत जा, असं माझं स्पष्ट मत आहे. कीबोर्डवर तयार ठेका लावला की म्हाताऱ्या माणसांचा आवाज त्याखाली दबतो, आणि ठेका त्यांच्यासाठी थांबत नाही. पेटीवाला थांबतो. एखाद्या आजीला श्वास घ्यायला वेळ लागला तर तो भाता हळू करतो, स्वर धरून ठेवतो, आणि ती ओळीवर आली की पुढं सरकतो. शिवाय इथं वीज केव्हा जाईल सांगता येत नाही. पेटीला वीज लागत नाही.

आजीवरून आठवलं. आमच्या मंडळीतल्या एका आजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. काही विचारलं तर 'ता, ता' एवढंच निघायचं, आणि मग त्या चिडून तोंड भिंतीकडं करायच्या. महिला संघाची प्रार्थनासभा आम्ही त्यांच्या घरी ठेवली. पेटी त्यांच्या खाटेजवळ ठेवली होती. काळी दोनच्या सुरात एक जुनं पद सुरू झालं, त्यांच्या तरुणपणीचं. ध्रुवपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा त्यांचा डावा हात चादरीवर ताल धरायला लागला. तिसऱ्यांदा आलं तेव्हा त्या म्हणत होत्या. शब्द थोडे अडखळत, पण ओळीतला प्रत्येक शब्द. सुनेनं हातातला चहाचा ट्रे तसाच जमिनीवर ठेवला आणि खाली बसली.

नर्स म्हणून मला यामागचं कारण माहीत आहे. बोलण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूत डावी बाजू करते, गाण्यात उजवी बाजूही कामाला लागते. त्यामुळे वाचा गेलेले काही रुग्ण गाऊ शकतात, आणि वाचा-उपचारात याचा उपयोगही करतात. कारण माहीत असूनही मी त्या दिवशी रडले. देवानं मेंदूत गाण्यासाठी वेगळी वाट ठेवली, हे मला चमत्कारापेक्षा कमी वाटत नाही. पुढं त्या सुनेनं पाणी हवं का, जेवायचं का हे चालीत विचारायला सुरुवात केली, आणि आजी चालीत उत्तर द्यायला लागल्या.

तरीपण एक ठणकावून सांगते. चमत्काराच्या मोठमोठ्या सभांचे फलक तुम्हाला दिसतील. स्तुतिगीतं गायला जायचं असेल तर जा, पण कुणी 'विश्वास असेल तर गोळ्या सोडा' म्हणालं तर तिथून उठा. साखरेच्या, रक्तदाबाच्या, टीबीच्या गोळ्या बंद करून आलेली माणसं मी वॉर्डात पाहिली आहेत. प्रार्थना करा आणि गोळीही घ्या. ज्या देवानं प्रार्थना ऐकली त्यानंच डॉक्टरला हात दिले.

वर्षात दोन दिवस चुकवू नका. एक गुड फ्रायडे. दुपारी बारा ते तीन, ख्रिस्ताचे वधस्तंभावरचे सात उद्गार, बाहेर रस्ता तापलेला; पाण्याची बाटली आणि ओला रुमाल घेऊन जा. दुसरा सुगीचा सण. शेतकरी कुटुंबं केळीचे घड, ज्वारी, भरताची हिरवी वांगी, कापूस वेदीपुढं आणून ठेवतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. दहा-वीस रुपयांची वांगी मुद्दाम दोनशेला घेतात, कधी घेऊन परत दान करतात, ती पुन्हा लिलावात येतात. नव्या माणसानं एक तरी बोली लावावी. नाव पुकारलं जातं आणि सगळ्यांना कळतं की हे आपल्यात आलेत.

जमलं तर एकदा नवापूरकडं जाऊन या. जळगावहून सुरतेच्या लाइनीवर अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, चिंचपाडा, मग नवापूर. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. त्या बाजूच्या गावांत मावची, भिलोरी बोलींत गीतं म्हणतात, ढोलाच्या तालावर, आणि बसून म्हणत नाहीत. शब्द कळले नाहीत तरी उभे राहा, टाळ्या धरा. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंना मराठी फारसं येत नव्हतं, मला मावची येत नव्हती. प्रार्थनेच्या वेळी त्यांनी माझा हात धरला आणि प्रार्थना संपली तरी सोडला नाही. जेवणाच्या पंगतीतही मला शेजारीच बसवलं.

तर येत्या रविवारी पंधरा मिनिटं आधी पोहोचा. पाळकसाहेबांना 'जय ख्रिस्त' म्हणा, कुठून आलात ते सांगा आणि गीतांचे क्रमांक फळ्यावरून आधीच पुस्तकात खुणा करून ठेवा. मुलांना संडेस्कूलमध्ये त्याच दिवशी बसवा. पुढच्या आठवड्यावर टाकलं की महिना जातो. उपासना झाल्यावर कुणीतरी जेवायला चला म्हणेल. 'उगाच तुम्हाला त्रास' म्हणून टाळू नका, लगेच हो म्हणा. भरीत-भाकरी असेल, नाहीतर शेवभाजी, आणि दोन्ही झणझणीत असतात, तेव्हा ताक आधीच मागून घ्या.