डीकन, बहिणी आणि मदतनिधी: दयेच्या सेवेत या चुका टाळा

निधीत पैसे आहेत, डीकन (मंडळीने, म्हणजे चर्चने, गरजूंच्या सेवेसाठी निवडलेली माणसं) प्रामाणिक आहेत, हिशेब चोख आहे. तरीही मंडळीतल्या एका विधवेची औषधं दोन महिने बंद होती आणि कोणाला पत्ता नव्हता. आमच्याकडे हे घडलं तेव्हा मी मदत समितीत होतो. दोन डीकन तिच्याकडे जाऊन आले होते. बाहेरच्या खोलीत बसले, प्रार्थना केली, "काही अडचण?" असं विचारलं. "सगळं ठीक आहे," ती म्हणाली. तशी नोंद झाली आणि विषय संपला. नंतर मंडळीतल्या दोन बहिणी (स्त्री सभासद) गेल्या आणि तासभर तिच्या स्वयंपाकघरात बसल्या. मदतीच्या पैशांचं पाकीट मुलगा काढून घेतो, हे तिथे कळलं.

त्या दोघी समितीत नव्हत्या. म्हणजे ज्यांना कळलं त्यांना ठरवता येत नव्हतं, आणि ठरवणाऱ्यांना कळलं नव्हतं. पुढच्या बहुतेक चुका याच फटीतून येतात.

डीकनला खजिनदार समजणं

बऱ्याच मंडळ्यांत डीकन म्हणजे अर्पण मोजणारा, खुर्च्या लावणारा, इमारतीची डागडुजी बघणारा माणूस. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 पुन्हा वाचा. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं, अशी तक्रार आली. प्रेषितांनी पंक्तिसेवेसाठी सात माणसं निवडायला सांगितली, पण अट घातली ती आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असण्याची. नुसत्या वाटपाला एवढी अट कशाला? सातांना त्या अध्यायात 'डीकन' हे नाव दिलेलं नाही, हे खरं. पण 'सेवा' हा शब्द तिथे आहे, आणि मंडळी या पदाचं मूळ तिथेच शोधत आली आहे.

आता ती सात नावं बघा. स्तेफनापासून नीकलावापर्यंत सगळी ग्रीक. ज्या गटाची तक्रार होती, बहुधा त्याच गटाच्या माणसांच्या हातात मंडळीने वाटप दिलं. हाच विचार आपल्या मदतयादीला लावून बघा. यादीत निम्म्याहून जास्त बायका असतील आणि ठरवणाऱ्यांत एकही नसेल, तर कुरकुर पुन्हा ऐकू येणारच.

पदाचा वाद मिटेपर्यंत थांबणं

स्त्रिया डीकन होऊ शकतात का, हा वाद मिटेपर्यंत थांबण्याची चूक सर्वांत महागात पडते, कारण ती तत्त्वनिष्ठ दिसते. 1 तीमथ्य 3:11 मधल्या 'स्त्रिया' म्हणजे डीकनांच्या बायका की सेवा करणाऱ्या स्त्रिया? मूळ ग्रीकमध्ये 'त्यांच्या' हा शब्द नाही, त्यामुळे दोन्ही अर्थ मांडले जातात. रोमकरांस पत्र 16:1 मध्ये फिबी या बहिणीला किंख्रियाच्या मंडळीची 'डिआकोनोस' म्हटलं आहे; 'डीकन' हा शब्द याच ग्रीक शब्दावरून आला. काही जण त्याचा अर्थ पद असा घेतात, काही सर्वसाधारण सेविका असा. वाद प्रामाणिक आहे आणि या लेखात तो मिटणार नाही.

पण दोन उदाहरणं बघा. उत्तर अमेरिकेतल्या रिफॉर्म्ड प्रेस्बिटेरियन चर्चने 1888 पासून डीकनपद स्त्रियांना खुलं केलं आहे. प्रेस्बिटेरियन चर्च इन अमेरिका ते पुरुषांपुरतंच ठेवतं, पण आजारी, विधवा, अनाथ, बंदिवान यांच्या सेवेत डीकनांना साहाय्य करायला भक्तिमान पुरुष आणि स्त्रिया नेमण्याची तरतूद त्याच्याच नियमपुस्तकात आहे. मतं वेगळी, तरी आजाऱ्याच्या दारात बहीण दोन्हीकडे पोहोचते. तुमच्या मंडळीचं मत काहीही असो, नेमणूक लेखी करा आणि रविवारी सगळ्यांसमोर सांगा. तोंडी "बघा जरा" म्हटलं की कामाची जबाबदारी येते, अधिकार येत नाही.

डीकनच्या बायकोला गृहीत धरणं

नवरा निवडला गेला, म्हणून बायकोला आपोआप भेटी देता येतात असं नाही. तिला विचारा. नाही म्हणाली तर नाही.

भेट एकाने, निर्णय दुसऱ्याने, मध्ये कोणी नाही

सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याने डीकनांचे दोन प्रकार मानले: दान सांभाळणारे आणि गरिबांची, आजाऱ्यांची प्रत्यक्ष काळजी घेणारे. तीमथ्याच्या पत्रातल्या विधवा त्याने दुसऱ्या प्रकारात धरल्या. विभागणी शहाणपणाची आहे, पण आपण दोन्हींमधली वाटच बंद करून ठेवतो. तिसऱ्या शतकातला 'डिडास्कालिया' हा ग्रंथ सांगतो की काही घरांत स्त्रियांकडे पुरुष डीकनला पाठवता येत नाही, तिथे स्त्री सेविका पाठवावी. ती सेविका परत येऊन काय सांगते, ते ऐकायलाही कोणी हवं ना?

यावर उपाय साधा आहे. बैठकीत आधी भेट देऊन आलेल्यांनी बोलायचं, मग रकमेवर चर्चा. भेटीला दोघांनी जायचं. स्त्री एकटी राहत असेल तर त्या दोघांत एक बहीण हवीच.

प्रेषितांच्या कृत्यांतल्या, यापो गावच्या टबीथा या शिष्येचं मला नेहमी नवल वाटतं. ती वारल्यावर विधवा रडत तिने केलेले कपडे दाखवत होत्या. कपडा शिवायचा तर माप घ्यावं लागतं, आणि माप घेता घेता माणूस बोलायला लागतं.

गुपित प्रार्थनासभेत फुटणं

"अमुक बहिणीसाठी प्रार्थना करा, घरी फार त्रास आहे." एवढ्या एका वाक्यावर त्या बाईचं दार मंडळीला कायमचं बंद होऊ शकतं. नाव तिच्या परवानगीशिवाय घ्यायचं नाही. घरात मारहाण असेल तर नवरा-बायकोला एकत्र बसवून समेट घडवू नका. आधी ती आणि मुलं सुरक्षित आहेत का ते बघा, कायद्याची मदत घ्या. मुलांवर अत्याचाराची शंका असेल तर तो समितीत दाबून ठेवायचा विषयच नाही.

चौकशीला दयेच्या विरुद्ध समजणं

1 तीमथ्य 5 मध्ये पौलाने विधवांच्या यादीला साठ वर्षांची अट घातली आणि कुटुंबाने आपली जबाबदारी आधी घ्यावी असं सांगितलं. त्याच उताऱ्यात यादीतल्या विधवेने काय केलेलं असावं तेही आहे: परक्यांचा पाहुणचार, पवित्र जनांचे पाय धुणं, संकटात असलेल्यांना मदत. म्हणजे मदत घेणारी ही स्वतः सेवा केलेली बाई. तिला फक्त हात पसरणारी म्हणून नोंदवू नका. आजाऱ्याजवळ बसायला कोणी हवं असेल तर तिलाही विचारा.

आमच्या त्या विधवेबद्दल याआधी तीन बैठकांत चर्चा झाली होती, ती रक्कम वाढवण्याची. चौथ्या बैठकीला त्या दोघी बहिणींना बोलावलं. "पैसे तिच्या हातात नकोत," त्या म्हणाल्या, "औषधवाल्याचं बिल परस्पर भरा, आणि मुलाशी पाळकांनी वेगळं बोलावं." पाच मिनिटांत ठरलं. रक्कम होती तेवढीच राहिली.