वक्ता नसलेला स्लाइड शो : ट्रेनिंग कंटेंटमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

ट्रेनिंग कंटेंटच्या कामात नव्याने आलेल्यांच्या हाती सुरुवातीला बहुधा पॉवरपॉइंटच येतं. सोबत येते कुणीतरी भाषणासाठी बनवलेली जुनी फाइल आणि एक निरोप : 'हे लोकांना आपापलं बघता येईल असं करून दे.' काम म्हटलं तर एवढंच, आणि म्हटलं तर भरपूर. भाषणात वक्ता स्लाइड पुढे नेतो, मध्येच थांबतो, कंटाळवाणी असेल ती गाळतो. तो नसला की हे सगळं तुम्हाला आधीच ठरवून ठेवावं लागतं.

मी हे शिकलो चाकणच्या एका कारखान्याच्या सेफ्टी इंडक्शनवर. गेटवरच्या केबिनमध्ये एक कॉम्प्युटर. नवा कंत्राटी कामगार किंवा ट्रकचा ड्रायव्हर तिथे बसणार. हेल्मेट, बूट, फोर्कलिफ्टचा रस्ता, आग लागल्यास जमायची जागा हे बघणार, थोड्या प्रश्नांची उत्तरं देणार, मग गेट पास. बाहेर गाडी खोळंबलेली असते. अशा माणसाचं बोट एंटरवरून हलत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

ते बोट थांबवायला नवखे बहुतेकदा ट्रान्झिशन्स टॅबमध्ये जाऊन 'ऑन माउस क्लिक'वरची खूण काढतात. त्याने थांबतो फक्त माउस. स्पेसबार, एंटर, बाणाच्या कळा चालूच राहतात. जायचं ते स्लाइड शो टॅबमधल्या 'सेट अप स्लाइड शो'मध्ये. तिथे 'ब्राउझ्ड अ‍ॅट अ किऑस्क' (किऑस्क म्हणजे लोक स्वतःच वापरतात तो सार्वजनिक स्क्रीन) निवडलं की या कळाही बंद आणि रिकाम्या जागी केलेला क्लिकही बंद. चालतात फक्त तुम्ही ठेवलेली बटणं आणि लिंक. शेजारीच 'मॅन्युअली' निवडा, नाहीतर मूळ वक्त्याने कधीकाळी नोंदवलेले टायमिंग जागे होतात आणि स्लाइड आपोआप पळू लागतात. एस्केपची कळ मात्र किऑस्कमध्येही शो बंद करते. त्यावर माझा उपाय साधा : कीबोर्ड कपाटात, टेबलावर फक्त माउस.

किऑस्क लावल्यावर एक गोष्ट हमखास अडते. जुन्या फाइलमध्ये मुद्दे क्लिकसरशी एकेक येत असतात. आता क्लिकच उरला नाही, म्हणून ते येतच नाहीत. अ‍ॅनिमेशन पेनमध्ये जाऊन प्रत्येकाला 'आफ्टर प्रीव्हियस' (आधीचं संपलं की आपोआप सुरू) द्या, किंवा बटणाचा ट्रिगर लावा, म्हणजे ते बटण दाबलं की मुद्दा येतो.

पण हे सगळं करण्याआधी कागद घ्या. प्रत्येक स्लाइड एक चौकोन, प्रत्येक बटण एक बाण. आमच्याकडे पहिल्या स्लाइडवर मराठी, हिंदी, इंग्रजी असे तीन पर्याय होते, म्हणजे एकाच फाइलमध्ये तीन रांगा. मराठीच्या शेवटच्या स्लाइडवर 'नेक्स्ट स्लाइड'चं बटण राहिलं तर माणूस थेट हिंदीच्या पहिल्या स्लाइडवर जाऊन पडतो. ज्या चौकोनातून बाहेर जाणारा बाणच नाही, तो किऑस्कमध्ये बंद खोली. कागदावर तो लगेच दिसतो, स्क्रीनवर शोधत बसावं लागतं. ठरावीक स्लाइडला जोडलेली लिंक क्रम बदलला तरी टिकते. 'नेक्स्ट स्लाइड' मात्र क्रमाला बांधलेलं असतं. फाटा असेल तिथे म्हणून पहिलाच प्रकार वापरा. आणि कुठूनही उघडणारी स्लाइड असेल, उदाहरणार्थ खुणांच्या अर्थांची, तर तिच्यावर 'लास्ट स्लाइड व्ह्यूड'चं बटण ठेवा; आला तिथेच परत जातो.

आता ग्राहकाची आवडती मागणी : 'पूर्ण ऐकल्याशिवाय पुढे जाता येऊ नये.' हे जमतं. आवाज 'आफ्टर प्रीव्हियस'ने सुरू करायचा आणि त्याच्यामागे पुढच्या बटणाला 'अपिअर', तेही 'आफ्टर प्रीव्हियस'. बटण दिसेपर्यंत दाबता येत नाही. पण मागच्या स्लाइडवर लिंकने परत गेलं की अ‍ॅनिमेशन पुन्हा पहिल्यापासून चालतं, म्हणजे आवाजही पुन्हा पूर्ण ऐका. एक शब्द तपासायला मागे गेलेल्याला ही शिक्षाच. मी अशा स्लाइडची बिनआवाजाची, बटण उघडं असलेली प्रत करून ती हाइड करतो आणि 'मागे'चं बटण तिला जोडतो. हाइड केलेली स्लाइड लिंकने उघडते.

खरं सांगायचं तर ही सक्ती मला फारशी पटत नाही. ती एवढंच सिद्ध करते की माणूस खुर्चीत बसला होता. आवाज चालू असताना तो मोबाइल बघतो. ग्राहकाशी बोलून सक्ती दोन-तीन जिवावरच्या विषयांपुरती ठेवा, बाकीचं मोकळं सोडा आणि प्रश्न चांगले काढा. पुढे आर्टिक्युलेट स्टोरीलाइन या ई-लर्निंग बनवायच्या सॉफ्टवेअरवर काम कराल तेव्हा तिथल्या मेन्यूला माणसाला किती मोकळं सोडायचं याचे 'फ्री', 'रिस्ट्रिक्टेड' आणि 'लॉक्ड' असे पर्याय दिसतील. तेव्हाही वाद हाच असतो.

प्रश्नांचं म्हणाल तर चुकीच्या उत्तराला 'चूक' एवढंच दाखवणारी स्लाइड नको. तिथे कारण सांगा आणि त्या विषयाच्या स्लाइडकडे बटण द्या. गुण मात्र पॉवरपॉइंट मॅक्रोशिवाय (फाइलमध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमशिवाय) मोजत नाही, हे ग्राहकाला पहिल्याच बैठकीत सांगा. आमच्याकडे शेवटची स्लाइड बघून सिक्युरिटी सुपरवायझर रजिस्टरमध्ये सही करायचा. ज्यांना नोंद आपोआप हवी, त्यांना स्टोरीलाइनसारखं टूल आणि एलएमएस (कोणी काय शिकलं याची नोंद ठेवणारी ऑनलाइन प्रणाली) लागणारच.

काही बारीक गोष्टी. लिंक अक्षरांना देऊ नका, आकाराला द्या. अक्षरांना दिली की रंग बदलतो, खाली रेघ येते. चित्राच्या एखाद्या भागावर अदृश्य बटण हवं असेल तर 'नो फिल' नको, रंग भरून पारदर्शकता १०० टक्के करा, नाहीतर आतल्या भागावर क्लिक लागत नाही. 'पुन्हा सुरुवात'चं बटण स्लाइड मास्टरवर (सगळ्या स्लाइडच्या सामायिक साच्यावर) ठेवा, कारण अर्ध्यातून उठून गेलेल्याच्या जागी पुढचा माणूस येऊन बसतो.

फाइल देताना गेटवरच्या मशीनवर पीपीएसएक्स ठेवा. ती डबल क्लिकवर थेट शोमध्ये उघडते. दुरुस्तीची पीपीटीएक्स स्वतःकडे. सेव्हच्या ऑप्शन्समध्ये फॉन्ट एम्बेड करायला (फाइलमध्येच बसवायला) विसरू नका, तिथल्या मशीनवर तुमचा मराठी फॉन्ट असेलच असं नाही. मग एखाद्या ड्रायव्हरला बसवा आणि स्वतः मागे उभे राहा. तो 'आता काय दाबू?' असं विचारेल त्या स्लाइडचा नंबर लिहून घ्या.