चिनूक सुटला आणि छत ठिबकलं, तर

कॅनडातल्या कॅलगरीत नवं घर घेतलेल्यांचे फोन मला ठरावीक हवेत येतात. आठवडाभर उणे पंचवीस-तीस असतं, मग एका सकाळी पश्चिमेला ढगांची कमान दिसते, चिनूक (रॉकी पर्वतांवरून येणारा कोरडा, उबदार वारा) सुटतो, दुपारपर्यंत पारा शून्याच्या वर जातो आणि संध्याकाळी फोन वाजतो. "ताई, बेडरूमचं छत गळतंय. ओळखीचा रूफर आहे का कुणी?"

रूफर, म्हणजे छपराचं काम करणारा, नको. आधी अ‍ॅटिक, म्हणजे खोलीचं छत आणि वरचं छप्पर यांच्यामधली पोकळी, बघा. हे मी पुढे परत परत सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

आपली गळतीची समज पावसाळ्यात घडलेली. पाणी वरून येतं, गच्चीला कुठेतरी भेग असते, मे महिन्यात कोबा नाहीतर डांबर घालून घेतलं की जून निभावतो. इथे जानेवारीत पाऊसच नसतो. तरी छतातून पाणी येतं, कारण बहुतेक वेळा ते तुमच्याच घरातलं असतं. कुकरच्या शिट्ट्यांचं, आंघोळीच्या वाफेचं, जिन्याच्या कठड्यावर वाळत टाकलेल्या कपड्यांचं, झोपेतल्या श्वासांचंसुद्धा.

गरम हवा वर चढते आणि छताला जिथे फट सापडेल तिथून अ‍ॅटिकमध्ये घुसते. फटी भरपूर असतात. छतात बसवलेल्या पॉट लाइटच्या कडा, अ‍ॅटिकचं झाकण, बाथरूमचा फॅन, प्लंबिंगचा पाइप, विजेच्या वायरींची भोकं. अ‍ॅटिकमध्ये इन्सुलेशनच्या (ऊब अडवणाऱ्या थराच्या) वर जवळजवळ बाहेरच्याइतकीच थंडी असते. तिथे ही ओलसर हवा पोचली की छपराच्या फळ्यांना आतून आणि शिंगल्सच्या (छपरावर ठोकलेल्या डांबरी पट्ट्यांच्या) खिळ्यांच्या टोकांना दंव धरतं. थंडी टिकली तर थर रोज वाढतो आणि खाली कुणाला पत्ता नसतो. मग चिनूक येतो आणि आठवड्याचं साठलेलं एका दुपारी खाली उतरतं. इथले लोक याला 'अ‍ॅटिक रेन' म्हणतात. छपराला नख लागलेलं नसतानाही हे होतं.

त्यामुळे पाणी कुठून आलं यापेक्षा कधी आलं हे आधी लिहून ठेवा. कडाक्याच्या थंडीनंतर एकदम उबदार दिवस, बाहेर पाऊस नाही, आणि डाग एकाच ठिकाणी नसून दोन-तीन खोल्यांत किंवा दिव्यांच्या भोकांतून ठिबक, तर ते दंव. छपरावर जाड बर्फ आहे, पन्हाळीला लांब लांब सुळके लोंबतायत आणि पाणी बाहेरच्या भिंतीलगत उतरतंय, तर तो बर्फाचा बांध. घरातली ऊब अ‍ॅटिकमध्ये निसटते, छपरावरचा बर्फ खालून वितळतो, ते पाणी कडेच्या थंड भागावर येऊन पुन्हा गोठतं आणि मागचं पाणी शिंगल्सच्या खाली शिरतं. शिंगल्स वाहतं पाणी खाली सोडण्यासाठी असतात, तुंबलेलं पाणी अडवण्यासाठी नाही. लक्षात घ्या, इथेही दुखणं अ‍ॅटिकमध्येच आहे. फक्त बाथरूमच्या फॅनमधून थेंब पडत असतील तर बहुधा त्याच्या डक्टमध्ये (हवेच्या नळीत) वाफ गोठून वितळली आहे. वाऱ्याबरोबर भुरभुरीत बर्फ छपराच्या व्हेंटमधून आत उडून येतो, तेव्हा बरोबर त्या व्हेंटखालचं इन्सुलेशन ओलं सापडतं. आणि डाग पाइपाभोवती किंवा चिमणीभोवती असेल, उन्हाळ्यातल्या पावसातही वाढत असेल, तर मात्र रूफर बोलवा. तेव्हा मी स्वतः नंबर देईन.

अ‍ॅटिक बघायचं ते थंडी असताना. चिनूकनंतर बघितलं तर ओलं इन्सुलेशन दिसेल, पुरावा वितळलेला असेल. झाकण बहुधा कपाटाच्या किंवा पॅसेजच्या छतात असतं. खाली जुनी चादर पसरा, शिडीवर चढा, डोकं आणि टॉर्च आत घाला, फोटो काढा, बस. आत चालायला जाऊ नका. इन्सुलेशनखाली लाकूड कुठे आहे ते दिसत नाही, मध्ये नुसतं ड्रायवॉल (जिप्समचा पातळ बोर्ड) असतं आणि पाय सरळ खालच्या खोलीत येतो. आमच्या मंडळींत यूट्यूब बघून सिव्हिल इंजिनिअर झालेले नवरे पुष्कळ आहेत, हे वाक्य त्यांच्यासाठी. सगळीकडे सारखं पांढरं दिसलं तर घरात ओलावा जास्त आहे. एकाच जागी दंवाचा ढीग असेल तर त्याच्या खाली फट आहे. घर १९९०च्या आधीचं असेल आणि आत चकचकीत, खड्यांसारखं राखाडी-सोनेरी इन्सुलेशन दिसलं, तर ते व्हर्मिक्युलाइट. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. हात लावू नका, ढवळू नका, झाकण लावा आणि तपासणी करून घ्या.

आता ती महागडी चूक. १३ जून २०२०च्या गारपिटीनं शहराच्या ईशान्य भागात छपरं आणि सायडिंगची (भिंतींच्या बाहेरच्या आवरणाची) चाळण केली. विम्याचे दावे अब्ज डॉलरच्या वर गेले. त्यानंतर रूफर दारोदार फिरू लागले, ५ ऑगस्ट २०२४च्या गारपिटीनंतर पुन्हा. तेव्हापासून आपल्या लोकांच्या डोक्यात बसलंय की छत ओलं म्हणजे शिंगल्स गेल्या. ओळखीतल्या एका कुटुंबानं भर हिवाळ्यात घाबरून करार केला, हजारो डॉलर मोजून नव्या शिंगल्स घातल्या. पुढच्या जानेवारीत त्याच खोलीत, त्याच कोपऱ्यात ठिबक. अ‍ॅटिकमध्ये कुणी डोकावलंच नव्हतं. डोकावल्यावर कळलं की बाथरूमच्या फॅनचा डक्ट निसटून इन्सुलेशनवर पडला होता आणि सहा माणसांच्या आंघोळीची वाफ थेट आत जात होती. शंभर डॉलरच्या आतलं काम. म्हणून जो अ‍ॅटिकमध्ये न बघता छपराची किंमत सांगतो, त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. दारावर आलेल्या विक्रेत्याशी सही करून बसला असाल, तर अल्बर्टात (कॅलगरीच्या प्रांतात) असा करार दहा दिवसांच्या आत रद्द करता येतो.

दुसरी चूक शहाणी माणसं करतात. इन्सुलेशन कमी पडलं असेल म्हणून वर आणखी थर ओतून घेतात. फटी तशाच राहतात, अ‍ॅटिक आणखी थंड होतं आणि दंव वाढतं. आधी फटी बुजवा, झाकणाला रबरी पट्टी लावा, मग इन्सुलेशन. सॉफिटच्या (छपराच्या बाहेर आलेल्या कडेखालच्या) जाळ्या गार वारा येतो म्हणून बोळे कोंबून बंद करू नका. आणि अ‍ॅटिक सुकावं म्हणून झाकण उघडं ठेवून झोपू नका. तुम्ही त्याला आणखी वाफ पाजत असता.

ह्युमिडिटीबद्दल इथले गोरे शेजारी 'ड्राय कोल्ड आहे, चांगलं असतं' म्हणून मोकळे होतात. आपलं नाक फुटतं, ओठ तडकतात, भारतातून आलेले आई-बाबा रात्री खोकतात, मग आपण घर तापवणाऱ्या फर्नेसचा ह्युमिडिफायर ४५ टक्क्यांवर करतो आणि विसरतो. २१ अंशांच्या घरात ह्युमिडिटी ४० टक्के असेल, तर साधारण ७ अंशांपर्यंत थंड झालेल्या कुठल्याही जागी पाणी धरतं. उणे २५ ला खिडकीच्या काचेची कड त्याहून थंड असते, अ‍ॅटिकमधल्या फळीचं तर विचारूच नका. बाहेर उणे १० च्या आसपास असताना ३० टक्के चालतं, उणे २० च्या आसपास २५ च्या खाली या, उणे ३० ला १५. एक साधा ह्युमिडिटी मीटर घ्या आणि हॉलमध्ये ठेवा, किचनमध्ये नको. आई-बाबांच्या खोलीत लहानसा ह्युमिडिफायर रात्रीपुरता चालवा, अख्ख्या घराचा आकडा वाढवू नका.

आपल्या घरांत वाफ जास्त होते, हे मान्य करायला हरकत नाही. वरण-भात, इडल्या, दुधाचं पातेलं, त्यात पाहुणे, त्यात बेसमेंटमध्ये भाडेकरू. स्वयंपाक बदला असं मी म्हणत नाही. पण शेगडीवरचा फॅन हवा बाहेर टाकतो की गाळून पुन्हा तोंडावरच सोडतो, ते बघा. बऱ्याच घरांत मायक्रोवेव्हखालचा फॅन दुसऱ्या जातीचा असतो आणि लोक वर्षानुवर्षं त्याच्यावर विश्वास ठेवतात. बाहेर जाऊन फ्लॅप हलतोय का बघितलं की कळतं. बाथरूमच्या फॅनला टिश्यूचा तुकडा लावून बघा, चिकटून राहिला पाहिजे. आंघोळीनंतर अर्धा तास चालू ठेवा, वीज फार जात नाही. ड्रायर असताना कपडे घरात वाळत घालण्याची काटकसर हिवाळ्यात महाग पडते. एचआरव्ही (ऊब राखून घरातली हवा बदलणारं यंत्र) असेल तर बंद करू नका, फिल्टर धुवा.

पडदे दिवसा उघडे ठेवा, नाहीतर काचेला ऊब पोचत नाही. गादी किंवा कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे काळी बुरशी येते.

पाणी आत्ता पडत असेल आणि छताला फुगा आला असेल, तर खाली बादली ठेवून फुग्याला स्क्रूड्रायव्हरनं बारीक भोक पाडा. नाहीतर अख्खा ड्रायवॉलचा तुकडा खाली येईल. आधी त्या खोलीच्या दिव्याचा ब्रेकर पाडा. छपरावर चढून कुऱ्हाडीनं बर्फ फोडू नका. लांब दांड्याच्या रेकनं, जमिनीवर उभं राहून, कडेचा बर्फ ओढा.

विम्याचं बोलायचं तर अचानक झालेलं नुकसान बहुतेक पॉलिसींत येतं, हळूहळू साचलेला ओलावा आणि बुरशी सहसा येत नाही. म्हणून पहिला डाग दिसला की फोटो काढून त्याच दिवशी कळवा, रंग मारून झाकू नका.

घर नवं असेल तर पहिल्या हिवाळ्यात काँक्रीट, लाकूड आणि ड्रायवॉलमधलंही पाणी बाहेर पडत असतं, थोडंफार दंव दिसेल. तरी बिल्डरला कळवायचंच. अल्बर्टात २०१४ पासून नव्या घराला वॉरंटी कायद्यानं आहे. मजुरी आणि साहित्याला १ वर्ष, हीटिंग-प्लंबिंगसारख्या यंत्रणांना २, बाहेरच्या आवरणाला ५, मुख्य सांगाड्याला १०. पहिल्या वर्षाची मुदत हिवाळ्याच्या मध्यावरही संपू शकते. तिच्या आत, ईमेलनं, फोटोंसकट, तारीख घालून कळवा. साइटवरचा माणूस गोड हसून 'वसंतात बघू' म्हणेल, त्याला तेही ईमेलमध्ये लिहून द्यायला सांगा.