मायनस आकडा हेक्समध्ये पाठवताय? या चुका टाळा

सीताफळाचा हंगाम होता. बीड जिल्ह्यातलं एक युनिट, बालाघाटाच्या डोंगरातला माल, आणि गर ठेवायची खोली उणे १८ अंशांवर. सेटपॉइंट, म्हणजे हवं ते तापमान, कंट्रोलरला पाठवायचा प्रोग्राम आमच्याकडच्या नव्या पोरानं पायथॉनमध्ये लिहिला होता. कंट्रोलर मॉडबसवाला (यंत्रांची आपसात बोलायची एक पद्धत), तापमान दसपटीत घेणारा. म्हणजे -१८.० साठी -१८० पाठवायचं, १६ बिटांच्या एका रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या खणात.

पोरानं हेक्स(-१८०) केलं, म्हणजे आकडा १६ च्या पद्धतीत (० ते ९, मग ए ते एफ) मागितला. उत्तर आलं -०एक्सबी४. (हेक्सचे आकडे तोंडी बोलतो तसेच लिहितोय.) म्हणजे १८० चं साधं हेक्स आणि पुढं मायनस. यात पायथॉनची चूक नाही. त्याच्या पूर्णांकाला बिटांची हद्दच नसते, मग टू'ज कॉम्प्लिमेंट (मायनस आकडा बिटांत लिहायची रीत) किती बिटांत काढायचा हे त्याला कसं कळावं? पोरानं पुढचं -०एक्स कापलं, उरलेल्या बी४ ला दोन शून्यं लावली आणि ००बी४ पाठवून दिलं. सीआरसी, म्हणजे निरोप वाटेत बिघडला नाही ना याची खूण, जुळला. कंट्रोलरनं मुकाट्यानं घेतलं, कारण ००बी४ हा अगदी वैध आकडा आहे: अधिक १८.० अंश.

"सर, चालायलंय की, एररच नाही," असं फोनवर सांगून गडी झोपला. कॉम्प्रेसरचा आवाज येईना म्हणून पहाटे वॉचमननं मला उठवलं. जाऊन बघतो तर वरच्या रांगेतल्या पाकिटांत बोट रुतत होतं. मालक काही बोलले नाहीत, नुसते पाकिटं दाबून बघत राहिले. ते जास्त लागलं.

पाठवायला हवं होतं एफएफ४सी. हिशोब गाडीच्या जुन्या मीटरसारखा आहे. ००००० वरून एक मागं फिरवलं की ९९९९९ येतं. १६ बिटांचं मीटर ६५५३६ ला पालटतं, म्हणून -१८० म्हणजे ६५५३६ वजा १८०, म्हणजे ६५३५६. त्याचंच हेक्स एफएफ४सी. मीटर किती घरांचं हे आधी ठरवल्याशिवाय उत्तरच नाही. मी बिटांची संख्या कागदावर लिहितो आणि मगच कीबोर्डला हात लावतो. पोरं हसतात. हसू द्या.

कोडमध्ये -१८० & ०एक्सएफएफएफएफ केलं की काम होतं, सगळीकडे हाच मंत्र सांगतात. मला तो एकट्यानं आवडत नाही, कारण हा मास्क (खालची १६ बिटं ठेवून बाकीची टाकणं) चूक झाकतो. -४०००० हा आकडा १६ बिटांत मावतच नाही, हद्द -३२७६८ ते ३२७६७. तरी मास्क मारा, गुपचूप ६३सी० मिळेल, म्हणजे अधिक २५५३६. म्हणून मी टू_बाइट्स वापरतो: २ बाइट, बिग (मोठा बाइट आधी), साइन्ड ट्रू (मायनस चालेल). आकडा मावला नाही तर तो तिथंच ओरडतो. ओरडणारा प्रोग्राम मला गोड बोलणाऱ्यापेक्षा परवडतो.

जावावाल्यांचं दुखणं वेगळं. बाइटमध्ये -५ आहे, इंटिजरच्या टूहेक्सस्ट्रिंगला दिला की सात एफ आणि शेवटी बी. बाइटचा आधी ३२ बिटांचा इंट होतो आणि चिन्हाचं बिट पुढं पसरत जातं. मग शेवटची दोन अक्षरं कापायचा शॉर्टकट येतो. तो चालतोही, प्लस ५ येईपर्यंत. तेव्हा स्ट्रिंगमध्ये एकच अक्षर असतं आणि प्रोग्राम आपटतो. आधी & ०एक्सएफएफ करा, मग दोन घरांच्या फॉरमॅटमध्ये छापा. कात्री लावायची ती कापडाला.

जावास्क्रिप्टमध्ये टूस्ट्रिंग(१६) सुद्धा मायनस तसाच ठेवतं. >>> ० लावा, मायनस जाईल, पण ते ३२ बिटांपुरतंच.

टू'ज कॉम्प्लिमेंट हातानं काढताना बिटं उलटवायची आणि १ मिळवायचा; तो १ विसरणारे दर बॅचला दोघं-तिघं. -१ टाकून बघा. एफएफएफएफ ऐवजी एफएफएफई आलं तर तुम्ही त्यातलेच.

वाचताना हीच चूक उलटी होते. स्क्रीनवर ६५३५.६ अंश दिसले की सेन्सर बदलायला धावू नका. आकडा ३२७६८ किंवा त्याहून मोठा असेल तर ६५५३६ वजा करा, मग दहानं भागा.

आणि सेटपॉइंट लिहिला की तेच रजिस्टर लगेच परत वाचायचं. त्या पहाटेनंतर पोरं साइट सोडताना मी हे फोनवर विचारत नाही, स्क्रीनचा फोटो मागतो. उणेचं चिन्ह दिसल्याशिवाय गेटपास नाही.