फिल्मवर काम करताय? मग निदान या चुका टाळा

इंदूरमध्ये फिल्मवर फोटो काढणारी मुलं परत दिसायला लागलीयेत, मला त्याचा मनापासून आनंद आहे. आजोबांचा कॅमेरा कपाटातून बाहेर येतो, कुठूनतरी रोल मागवतात, आणि मग थोड्याच दिवसांत कोणीतरी रामबागेत माझ्या दारात उभं असतं, हातात बिघडलेल्या निगेटिव्ह. चुका मात्र त्याच त्याच, तेच गरम पाणी, तोच मेलेला हायपो (फिल्म पक्की करणारं, म्हणजे फिक्स करणारं रसायन), तीच घाई. म्हणून एकदा लिहूनच टाकतो. सगळ्या चुकांवर सारखं लिहिणार नाहीये, ज्यांचा खरा त्रास होतो त्यांच्यावर जास्त लिहीन.

पहिली आणि सगळ्यात मोठी: पाण्याचं तापमान न मोजणं.

फिल्म डेव्हलप करायच्या चार्टमध्ये जो वेळ दिलेला असतो तो २० अंश सेल्सिअसचा असतो. उदाहरणार्थ एचपी फाइव्ह ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म, डी-७६ हा डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) पातळ न करता, साडेसात मिनिटं. हाच वेळ २४ अंशाला पाच-सव्वापाच मिनिटांवर येतो. त्याच्या वर गेलात तर वेळ आणखी कमी करावा लागतो, आणि पाच मिनिटांच्या आत डेव्हलपर सगळ्या फिल्मवर सारखा लागत नाही, आकाशात पट्टे दिसतात. आता मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी कसं असतं ते तुम्हाला माहितीच आहे, नळ सोडला की हात मागे घ्यावा लागतो.

एक मुलगा, नाव सांगत नाही, एका संस्थेबरोबर अलीराजपूरकडे गेला होता. तिकडच्या आणि झाबुआ-धारच्या कितीतरी गावांतले आदिवासी मजुरीला गुजरातेत गोध्रा, बालासिनोरच्या दगड दळायच्या कारखान्यांत गेले, तिथे क्वार्ट्जची पूड करतात, ती बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा करणारं औषध नाही. बऱ्याच जणांना आधी टीबी समजून टीबीच्याच गोळ्या दिल्या गेल्या. २०१० मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने मेलेल्यांच्या घरच्यांना भरपाई द्यावी असं सांगितलं आणि २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरात सरकारला तसा आदेश दिला. तर या मुलाने असाच एक आजारी माणूस आणि त्याची बायको, खाटेवर शेजारी शेजारी बसलेली, यांचे फोटो काढले. चांगले काढले असणार, त्याची नजर चांगली आहे.

परत आला आणि रात्रीपर्यंत थांबवेना. भर दुपारी टाकीच्या पाण्यात डेव्हलपर केला, मोबाइलवर २० अंशाचा वेळ बघितला आणि तेवढा पूर्ण दिला. मग त्याला आठवलं की कोणीतरी पाणी गार हवं म्हणालं होतं, म्हणून फ्रिजमधल्या बाटल्या ओतून फिल्म धुतली. गरम पाण्यात जिलेटिन फुगून मऊ झालेलं असतं, त्यावर एकदम गार पाणी पडलं की ते आक्रसतं आणि सगळ्या फिल्मवर बारीक सुरकुत्यांची जाळी पडते. निगेटिव्ह काळ्याकुट्ट आणि वर ही जाळी. माझ्याकडे आला तेव्हा रडवेला झाला होता, "काका, काहीतरी होईल ना?" काळेपणा उतरवता येतो, पोटॅशियम फेरिसायनाइड आणि हायपोचा फार्मर रिड्यूसर करतात, तो करून उतरवला. सुरकुत्यांना काही इलाज नाही.

पावसाळ्यानंतर तो परत त्या गावात गेला तोवर तो माणूस वारला होता. बायकोने फोटो मागितला. नवऱ्याचा दुसरा फोटो म्हणजे भरपाईच्या अर्जावर चिकटवलेला पासपोर्ट साइझ, आणि तो अर्ज ऑफिसात. आम्ही त्यातल्या त्यात बऱ्या निगेटिव्हवरून पाच बाय सातची प्रिंट काढून पाठवली, चेहरा ओळखू येतो पण गालांवर, कपाळावर सगळीकडे ती जाळी.

राजवाड्याचा रोल बिघडला तर राजवाडा उद्याही तिथेच आहे. त्या माणसाने धाप लागत असताना तुमच्यासमोर बसून जो वेळ दिला तो परत मिळत नाही. थर्मामीटर बुडवून वाचायला अर्धं मिनिट लागतं, आणि लॅबचा साधा थर्मामीटर एका रोलपेक्षा स्वस्त येतो. (तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो ३५च्या खाली काही दाखवतच नाही.)

माझी पद्धत सांगतो. मेमध्ये मी माठातलं पाणी वापरतो, हवा कोरडी असते म्हणून ते २४-२५ पर्यंत आपोआप येतं, पुढचं काम बर्फ करतो, पण बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, डेव्हलपरमध्ये सुटा टाकायचा नाही, पातळ होतो. एका मोठ्या टबात पाणी घेऊन त्यात डेव्हलपर, स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), हायपो, धुवायचं पाणी, सगळ्या बाटल्या उभ्या करायच्या आणि सगळं एकाच तापमानाला आलं की मगच टँक, म्हणजे फिल्म डेव्हलप करायचा डबा, उघडायचा विचार करायचा. २० ला आणता येत नसेल तर २४ ला करा, वेळ त्याप्रमाणे कमी करा, पण सगळ्या बाटल्या २४ ला हव्यात, एखाद्या अंशाचा फरक चालेल, दहाचा नाही. जुलैत माठ काही कामाचा नाही, हवेतच ओल असते मग पाणी गार कसं होणार. आणि जानेवारीत उलटं, पहाटेच्या पाण्यात काम केलंत तर फिल्म फिकट येते कारण १३-१४ अंशांच्या खाली डेव्हलपरमधलं हायड्रोक्विनोन जवळजवळ कामच करत नाही, त्यासाठी पाणी कोमट करावं लागतं.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर, फिल्म शेवटची विसळताना बोरिंगचं पाणी वापरू नका. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं त्यामुळे बऱ्याच घरांत बोरिंगचंच पाणी वापरतात, त्यात क्षार फार, फिल्म वाळली की पांढरे डाग. शेवटचं विसळणं डिस्टिल्ड वॉटरने आणि दोन थेंब वेटिंग एजंट (फिल्मवर पाण्याचे थेंब साचू न देणारं द्रावण). शाम्पू नको, लोक सांगतात चालतो म्हणून, पण त्यात तेल, सुगंध काय काय असतं ते फिल्मवर कशाला ठेवायचं. आणि पंख्याखाली वाळवू नका, आपल्याकडची काळ्या मातीची धूळ ओल्या फिल्मवर बसली की निघत नाही. बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर थोडा वेळ सोडा, धूळ खाली बसू द्या, मग फिल्म टांगा आणि दार लावून घ्या.

हायपो. तोच हायपो किती दिवस वापरायचा हे कोणी मोजत नाही, रंग बघून ठरवतात. रंगावरून कळत नाही. रोलचा कापलेला लीडर, म्हणजे सुरुवातीची मोकळी पट्टी, असतो ना, त्याचा तुकडा उजेडातच हायपोत टाका आणि घड्याळ लावा. दुधाळपणा जाऊन तुकडा पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिल्म ठेवायची. ताज्या हायपोत लागला होता त्याच्या दुप्पट वेळ तुकड्यालाच लागायला लागला की तो हायपो संपला, मोह धरू नका. कमी फिक्स झालेली निगेटिव्ह आज छान दिसते, काही वर्षांनी पिवळी-तपकिरी पडते, म्हणजे तुम्हाला कळतं तेव्हा काहीच करता येत नाही. आणि संपलेला हायपो मोरीत ओतू नका, त्यात चांदी असते, नाल्यातून पुढे पाण्यात जाते. पूर्वी स्टुडिओवाल्यांकडून आणि एक्स-रेवाल्यांकडून चांदी काढणारे तो विकत न्यायचे. मी कॅनमध्ये साठवतो, त्यात स्टील वूल टाकून ठेवलं की चांदी गाळ होऊन खाली बसते.

डी-७६ घरी बनवणाऱ्यांसाठी एवढंच: मेटॉल आधी. लिटरला २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, २ ग्रॅम बोरॅक्स. चिमूटभर सल्फाइट चालेल पण सगळं सल्फाइट आधी टाकलंत तर मेटॉल विरघळत नाही, मग लोक पावडरवाल्याला दोष देतात.

झिरोचा लाल बल्ब म्हणजे सेफलाइट (प्रिंटचा पेपर खराब न करणारा डार्करूमचा दिवा) नाही. प्रिंटच्या पेपरवर नाणं ठेवा, त्या लाल उजेडात पाच-सात मिनिटं राहू द्या, मग डेव्हलप करा. नाण्याचा गोल दिसला तर बल्ब बदला.

ओल्या प्रिंटवरून काळं-पांढरं ठरवू नका, वाळली की थोडी गडद होते.

रोल भरल्यावर झाकण लावून एक-दोन फ्रेम पुढे न्या आणि डावीकडच्या रिवाइंड नॉबकडे बघा. तो फिरत नसेल तर फिल्म पकडलेलीच नाही, तुम्ही दिवसभर रिकामा शटर दाबणार. काउंटरवर विश्वास ठेवू नका, तो फिल्म असो नसो पुढे जातो.

आता घाईबद्दल. एवढं सगळं कोण करणार, काहीतरी सोपं सांगा, असं मला दर दुसरा माणूस म्हणतो. लाला दीनदयाल, एकोणिसाव्या शतकातले नामवंत फोटोग्राफर, कॅमेरा शिकले ते याच शहरात, १८७० च्या दशकात, बांधकाम खात्यात नोकरी करता करता. त्या काळी ओल्या काचेवर काम चालायचं, काचेवर कोलोडियन ओतायचं, ती वाळायच्या आत फोटो काढायचा आणि वाळायच्या आतच धुवायची, त्यासाठी डार्करूमचा तंबू बरोबर न्यायचा, याच उन्हाळ्यात. आपल्याला फक्त बर्फ आणि थर्मामीटर आणायचाय. ज्याला तेवढंही जड वाटतं त्याने डिजिटलवर काम करावं, त्यात कमीपणा काहीच नाही, पण लोकांच्या दुःखाचे फोटो फिल्मवर काढून निष्काळजीपणे धुऊ नये.

दुसरी चूक जी मला खरंच बघवत नाही ती डार्करूमच्या बाहेरची आहे. सिलिकोसिसच्या गावांत जाणारा प्रत्येक जण एकच फोटो काढतो, आजारी माणसाला एक्स-रे हातात धरायला लावून, उन्हासमोर. एकदा मी तिथे असताना एक ग्रुप आला होता, गाडीतून उतरून नाव-गाव विचारायच्या आधी कॅमेरे बाहेर, आणि एका माणसाला म्हणतात, "एक्स-रे लाओ, थोडा ऊपर पकडो, और ऊपर." त्या माणसाला हात वर धरून उभं राहायचा दम नाही. खाली घेतला तर परत ऊपर. ढग आला तर थांबा. शेवटी त्याच्या भावाने एक्स-रे हातातून घेतला, पिशवीत घातला आणि घरात ठेवून आला. बरोबर केलं त्याने. तो एक्स-रे त्यांचा कागद आहे, भरपाईसाठी, तपासणीसाठी तोच दाखवावा लागतो, वाकला, ओरखडला, उन्हात तापला तर दुसरा काढायला जिल्ह्याच्या गावी जायचं, भाडं खर्चून, मजुरी बुडवून.

आणि तो ग्रुप परत कधीच आला नाही. सगळ्यांच्या डोक्यात भोपाळ गॅसकांडाचा तो एक फोटो असतो, १९८४ चा, पुरलेल्या बाळाच्या चेहऱ्याचा, रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू दोघांनीही टिपलेला. तसा एक मिळाला की काम झालं असं वाटतं. पण रघु राय पुढे पुन्हा भोपाळला गेले, वाचलेल्या लोकांचे फोटो काढले, हे फार कमी जणांना माहीत असतं.

मी काय करतो ते सांगतो, कोणाला पटो न पटो. पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच राहतो. भिली येणारं कोणीतरी बरोबर असतं, गावातलंच असेल तर उत्तम. फोटो कुठे जाणार, कोण बघणार हे आधी सांगतो आणि नको म्हणाले तर नको, दुसऱ्यांदा गळ घालत नाही. फोटो काढायच्या आधी वहीत नाव, गाव, तारीख, रोल नंबर, आणि नाव त्या माणसाला वाचून दाखवतो कारण अर्ध्या वेळा आपण चुकीचं लिहितो आणि तेच चुकीचं नाव पुढे कॅप्शनमध्ये छापून येतं. रोलवर मार्करने तोच नंबर. कोणाला खोकायला सांगायचं नाही, हे लिहावं लागतंय याचंही वाईट वाटतं पण मी सांगताना ऐकलंय.

आणि प्रिंट देतो म्हणालात तर द्या, पुढच्या फेरीतच द्या. कोणी जात असेल त्याच्याबरोबर पाठवा पण पाठवा. दोन प्रती करायच्या, एक घरात लावायला, एक फाइलीत ठेवायला. मागच्या बाजूला बॉलपेनने दाबून लिहू नका, उठाव पुढे दिसतो, फायबर पेपर (प्लास्टिकचा थर नसलेला प्रिंटचा कागद) असेल तर मऊ पेन्सिल आणि कडेला. फ्रेम करून देणार असाल तर फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घाला, नुसती काच टेकवली तर कौलारू घरात पहिल्याच पावसाळ्यात ओल जाते आणि फोटो काचेला चिकटतो, मग सोडवताना चेहऱ्याचा भाग काचेवरच राहतो.