ग्रामपंचायतीचा व्हॉट्सॲप ग्रुप कसा चालवावा

पावसाळ्यात वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाच्या ३३ दारांपैकी किती दारे किती मीटरने उघडली आणि किती क्युमेक्स (सेकंदाला घनमीटर) पाणी सोडले, याची सूचना तालुक्याकडून येते आणि बहुतेक ग्रामपंचायती ती जशीच्या तशी गावाच्या ग्रुपवर टाकून मोकळ्या होतात. ही सूचना अभियंत्याने अभियंत्यासाठी लिहिलेली असते. वैनगंगेच्या काठी ज्याची म्हैस बांधलेली आहे, त्याला क्युमेक्सशी देणेघेणे नसते. आपल्या टोलीकडचा, म्हणजे वस्तीकडचा, पूल किती वाजता पाण्याखाली जाईल, एवढेच त्याला कळायला हवे असते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील अतिवृष्टी आणि तेथील संजय सरोवर धरणातून सोडलेले पाणी यांमुळे वैनगंगेला जो महापूर आला, त्याचा फटका भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत बसला. म्हणून वरून आलेला मजकूर पुढे ढकलण्यापूर्वी तो गावाच्या भाषेत पुन्हा लिहावा: ‘आज रात्री आठनंतर नाल्याच्या पुलावरून जाऊ नये, खालच्या टोलीने जनावरे सोडून शाळेच्या आवारात आणावीत, अडचण आल्यास या क्रमांकावर फोन करावा.’ वेळ, जागा, कृती आणि फोन क्रमांक यांपैकी एकही गोष्ट राहिली, तर सूचना अपुरी समजावी.

ग्रुप कोणाच्या फोनवर आहे, हे आधी पाहावे. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने स्वतःच्या क्रमांकावरून ग्रुप काढला, की त्याची बदली होताच ग्रुपही त्याच्याबरोबर जातो आणि नवा अधिकारी पुन्हा पहिल्यापासून क्रमांक गोळा करत बसतो. सिमकार्ड ग्रामपंचायतीच्या नावाने घ्यावे आणि संगणक परिचालकासह किमान दोन ॲडमिन ठेवावेत. कर्मचाऱ्यांनी वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, असे राज्य शासनानेही जुलै २०२५ मध्ये बजावले आहे.

ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल, अशी सोय निवडावी. नाहीतर सुप्रभातचे गुलाब आणि वाढदिवसाचे केक यांखाली पाणीपुरवठ्याची सूचना दबून जाते. मात्र एका ग्रुपमध्ये १,०२४ जणच मावतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला इतरांचे क्रमांक दिसतात, हे अनेक महिलांना नकोसे वाटते व ते योग्यच आहे. गाव मोठे असेल तर व्हॉट्सॲप चॅनेल बरे, कारण तेथे अनुयायांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत. पण चॅनेलवर लोकांना लिहून विचारता येत नाही. त्यामुळे तक्रारीसाठी वेगळा क्रमांक द्यावा आणि उत्तराची वेळ ठरवून ती पाळावी. नळयोजनेचा पंप जळाला आणि दुरुस्ती कधी होईल हे माहीत नसेल, तर तसेच सांगावे, मात्र ‘पुढील माहिती उद्या सकाळी दहा वाजता’ असेही लिहावे. गावाचा राग दुरुस्तीच्या उशिरापेक्षा मौनावर अधिक असतो, हा माझा अनुभव आहे.

वेळेचे भान हवे. चंद्रपूर आणि गोंदियाच्या जंगलालगतच्या गावांत मोहफुले वेचायला आणि तेंदूपाने तोडायला लोक पहाटे अंधारातच निघतात. वाघ दिसल्याची सूचना सकाळी नऊ वाजता कार्यालय उघडल्यावर टाकण्यात अर्थ नाही. ती आदल्या संध्याकाळी, जेवणाच्या वेळी पोहोचली पाहिजे. तिच्यासोबत वन विभागाचा १९२६ हा क्रमांक न चुकता द्यावा.

प्रत्येक संदेशाच्या पहिल्याच ओळीत तारीख लिहावी. एक रुपयात पीक विम्याची योजना खरीप २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. पण तारीख नसलेली जुनी जाहिरात फिरत राहिली, तर शेतकरी एक रुपया घेऊनच सेवा केंद्रात येणार. योजनांच्या नावाने येणाऱ्या एपीके फाइलींबाबत (उघडताच फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या फाइलींबाबत) तर वारंवार सांगावे, कारण पीएम किसानच्या नावाची अशी फाइल उघडणाऱ्याचे बँक खाते रिकामे होऊ शकते. ग्रामपंचायत कधीही फाइल उघडायला लावणार नाही, हे वाक्य ग्रुपच्या माहितीत कायम ठेवावे आणि फसवणूक झाल्यास लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवायला सांगावे. घरकुलाच्या यादीचा फोटो टाकताना आधार आणि खाते क्रमांकाचे रकाने झाकावेत. लाभार्थ्याचे नाव जाहीर करणे वेगळे आणि त्याचे खाते चव्हाट्यावर मांडणे वेगळे.

अफवेचे काम अधिक जपून करावे लागते. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. त्यामागे व्हॉट्सॲपवर फिरलेल्या अफवा होत्या. खुलासा करताना मूळ चित्रफीत पुन्हा टाकू नये, कारण लोक मजकूर वाचत नाहीत, चित्र पाहतात. आधी ठाणेदारांशी बोलावे आणि त्यांच्या पदाचा उल्लेख करून दोन ओळींत वस्तुस्थिती लिहावी. ॲडमिन होण्यास घाबरणाऱ्यांनी हेही जाणावे, की गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असे म्हटले आहे, की समान हेतू असल्याखेरीज सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही.

एवढे करूनही ज्यांच्याकडे साधाच फोन आहे किंवा मेळघाटासारख्या भागात जेथे नेटवर्कच लागत नाही, तेथे हा सगळा खटाटोप पोहोचत नाही. संदेशासोबत वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी किंवा कोरकू, जी बोली गावात चालते तिच्यात अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश द्यावा; वाचता न येणाऱ्या आजीला नातू तो ऐकवतो. दवंडी बंद करू नये. ग्रुपवरचाच मजकूर छापून फलकावर लावावा, कोतवालाच्या हाती द्यावा आणि कोणती सूचना किती वाजता टाकली, दवंडी कोणत्या टोलीत कधी फिरली, याची नोंद एका वहीत ठेवावी. ‘आम्हाला कोणी सांगितलेच नाही’ असे ग्रामसभेत कोणी उठून म्हणाले, की ती वही उघडायची. आणि त्या टोलीसमोरचा रकाना कोरा निघाला, तर पुढच्या वेळी दवंडी तेथूनच सुरू करायची.